चामड्याची आई

मित्रांनो, मला पाहून दचकलात ना? दचका, खुशाल दचका. या काचेच्या कपाटासमोर येणारा प्रत्येक जण आधी एक पाऊल मागे सरतो आणि मग शेजारच्याला कोपराने ढोसून म्हणतो, "ए, हे बघ काय आहे!" मला त्याची सवय झाली आहे. खरं सांगायचं तर मला ते आवडतंसुद्धा. टक्कल पडलेलं डोकं, सुरकुतलेली लांब मान, बाकदार काळी चोच आणि गळ्याभोवती पांढऱ्या लोकरीची झालर. असं रूप काही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

मी एक जुनी पर्स आहे, असं म्हटलं तरी ते खोटं नाही. मी एक गिधाड आहे असं म्हटलं, तर निदान एका पिल्लाने तरी त्यावर मान डोलावली असती. पण नीट ओळख करून द्यायची तर मी हातात घालायची चामड्याची बाहुली आहे. ही माझी नोकरी झाली. नातं विचाराल तर मी आई होते. कुणाची आणि कशी, तेच सांगायला बसले आहे.

माझा पहिला जन्म मोठा ऐटीचा होता. गिधाडांच्या या केंद्राच्या ज्या प्रमुख आहेत, त्या जनावरांच्या डॉक्टर. इथे सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतात. मी त्यांच्या आत्याची पर्स होते. आत्यांच्या खांद्याला लटकून मी लग्नांना गेले, बारशांना गेले, दवाखान्यात आजाऱ्यांच्या उशाशी बसले. माझ्या पोटात चष्मा, किल्ल्यांचा जुडगा, घडी घातलेला रुमाल आणि पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या. गोळ्या कायम. आत्यांना कुणी रडताना दिसलं, की त्या आधी पर्स उघडायच्या आणि मग तोंड. पेपरमिंटचा तो वास माझ्या अस्तरात असा काही मुरला, की पुढे कितीही साबण लावले तरी तो गेला नाही.

मग माझा पट्टा तुटला, चेन बसेनाशी झाली, चामड्याला सुरकुत्या पडल्या. आत्यांनी मला पुसून कपाटावर ठेवलं. तिथे मी धूळ खात पडले होते. एके दिवशी डॉक्टरीणबाई आत्यांकडे आल्या, बोलता बोलता त्यांची नजर वर गेली आणि तिथेच खिळली.

"आत्या, ती पर्स मला दे ना."

"ती? अगं, जुनाट झाली आहे ती. सगळी सुरकुतली आहे."

"म्हणून तर हवी आहे. गिधाडाच्या मानेचा अगदी हाच रंग असतो. सुरकुत्यासुद्धा अशाच."

आत्यांनी थोडा वेळ भाचीकडे रोखून पाहिलं. "म्हणजे मी इतकी वर्षं गिधाड खांद्याला लावून हिंडले म्हणायचं," त्या म्हणाल्या, आणि मला खाली काढून देऊन टाकलं.

चपला-बॅगा दुरुस्त करणारे एक काका होते. जिन्याखाली त्यांचं एवढंसं दुकान. डॉक्टरीणबाईंनी गिधाडाचे फोटो त्यांच्यापुढे मांडले. काकांनी चष्मा पुसला, फोटो उलटसुलट करून पाहिले आणि कामाला लागले. मला उसवलं, कापलं, साच्यावर ताणलं. चोच लाकडाची कोरली आणि काळी रंगवली. ती उघडता-मिटता यावी म्हणून आत अंगठ्यासाठी जागा केली. डोळ्यांच्या जागी एका जुन्या कोटाची दोन बटणं लावली. शेवटी मला हातात घालून, चोच दोनदा उघडझाप करून त्यांनी विचारलं, "बाई, तोंड जरा हसरं करू का? मुलांना भीती नाही वाटणार."

"नको काका. गिधाड हसत नाही. आणि ही मुलांसाठी नाहीच, पिल्लासाठी आहे. पिल्लाला असंच तोंड आवडतं."

तयार झाल्यावर आत्यांना मला दाखवायला नेलं. त्या मला निरखून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई! ही तर थेट माझ्या नणंदेसारखी दिसते." मी ती स्तुतीच समजले.

आता तुम्ही विचाराल, गिधाडाच्या पिल्लाला चामड्याची आई कशाला हवी? त्याची आई कुठे गेली? मित्रांनो, एकेकाळी आकाशात गिधाडं इतकी होती, की कुणी मान वर करून बघतही नसे. रानात किंवा माळावर जनावर मेलं, की ती उतरायची आणि बघता बघता सगळं साफ करून टाकायची. घाण नाही, दुर्गंधी नाही, रोगराई नाही. कुणी आभार मानत नव्हतं, उलट नाक मुरडायचे. मग गुरांना दुखण्यावर एक औषध देऊ लागले. गुरांना त्याने आराम पडायचा, पण असं औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडं मरायची. हे लोकांच्या ध्यानात येईपर्यंत आकाश रिकामं झालं होतं. मेलेली जनावरं कुजत पडू लागली, त्यांच्याभोवती भटक्या कुत्र्यांच्या झुंडी जमू लागल्या. तेव्हा लोकांना वर बघायची आठवण झाली. गुरांसाठी ते औषध बंद करण्यात आलं, आणि उरलेल्या गिधाडांना जपण्यासाठी हे केंद्र उभं राहिलं.

गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. एवढ्या संथपणे घर भरायचं कधी? म्हणून इथे एक युक्ती करतात. पहिलं अंडं हलकेच काढून उबवणीच्या पेटीत ठेवतात. मग जोडी पुष्कळदा दुसरं अंडं घालते आणि ते स्वतः वाढवते. पेटीतल्या अंड्यातून जे पिल्लू बाहेर येतं, त्याला भरवायचं काम मात्र माणसांकडे येतं. आणि इथेच खरी मेख आहे. डोळे उघडल्यावर भरवणारा जो दिसतो, तोच आपला, असं पिल्लाला वाटतं. त्याने माणसाचा चेहरा पाहिला, माणसाचा आवाज ऐकला, की त्याला माणसाचा लळा लागतो. मग ते मोठं झाल्यावर माणसांमागे जातं. त्याला रानात सोडता येत नाही. सगळा जन्म पिंजऱ्यात.

म्हणून केंद्रात एक कडक नियम होता. पिल्लाच्या खोलीला लाकडी भिंत होती, भिंतीला एक झडप आणि आतलं दिसायला बारीकसं भोक. झडपेतून काळ्या बाहीतला हात आत जायचा आणि त्या हाताच्या टोकाला मी. भिंतीपलीकडच्या माणसाने एक अक्षर बोलायचं नाही. खोकला आला तर बाहेर पळायचं. शिंक आली तर गिळायची.

आणि हे काम कुणाकडे आलं माहीत आहे? रेडिओमावशींकडे!

मावशी केंद्रात मांस कापायच्या, पिंजरे धुवायच्या, आजारी पक्ष्यांचं हवं-नको पाहायच्या. हात असा हलका, की जखमी गिधाडही त्यांच्या मांडीवर निमूट पडून राही. पण तोंड! सकाळी फाटकातून आत आल्या की जे सुरू व्हायचं, ते संध्याकाळी फाटक लागेपर्यंत. बादलीशी बोलायच्या, झाडूशी बोलायच्या, सुरी बोथट झाली तर तिची खरडपट्टी काढायच्या. त्यांना भरवण्याचं काम दिलं तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांचे यजमान बस चालवायचे. त्यांनी तर मावशींच्याच हाती निरोप धाडला, की तो न बोलण्याचा नियम घरी लागू करता येईल का, तेवढं डॉक्टरांना विचार.

पण मावशींनी नियम पाळला. तोंडात बोळा घातल्यासारख्या त्या भिंतीमागे उभ्या राहायच्या. बाहेर आल्यावर मात्र साठलेलं सगळं एका दमात ओतायच्या.

पिल्लू अंड्यातून बाहेर आलं, तो दिवस मी विसरणार नाही. मी झडपेतून आत गेले. कापसाचा एक ओला बोळा थरथरत होता. त्याला एक मान होती आणि ती सारखी एका बाजूला कलंडत होती. मी चोचीत मांसाचा बारीक तुकडा धरून पुढे केला. त्याने माझ्याकडे पाहिलं. कोटाची बटणं, पर्सचं चामडं, लोकरीची झालर. त्या जिवाला काही खटकलं नाही. त्याने चोच उघडली. मित्रांनो, मी आयुष्यात किल्ल्या सांभाळल्या, चष्मे सांभाळले, पण माझ्याकडे पाहून तोंड उघडणारं कुणी नव्हतं. मला जे झालं ते मला सांगता येत नाही. मला फार, फार आनंद झाला.

केंद्रात पिल्लांना नाव ठेवायची पद्धत नव्हती. नाव ठेवलं की जीव अडकतो. पायात रंगीत कडी घालायची आणि रंगाने ओळखायचं. आमच्या पिल्लाची कडी पिवळी होती. पण मावशींनी बाहेर ओट्यावर मांस कापता कापता तिचं नाव ठमी ठेवून टाकलं होतं. ती मादी आहे हे रक्त तपासल्यावर फार नंतर कळलं. मावशींनी ते पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

ठमी हावरट होती. झडप हलली की पंख पसरून, मान वेळावत धावत यायची. पुष्कळदा घाईत तुकडा तिच्या चोचीतून निसटायचा आणि खाली पडायचा. तेव्हा माझ्या मागून, भिंतीपलीकडून एक बारीकसा आवाज यायचा. "च्च्." बाळाच्या हातून खाऊ पडला की कुणीही करतं ना, तसा. मग मी तुकडा उचलून पुन्हा द्यायची. तुकडा पडला, "च्च्." तुकडा उचलला, "च्च्." तो आवाज माझ्या चोचीच्या इतक्या जवळून यायचा, की मला वाटायचं तो माझाच आहे. ठमीलाही तसंच वाटत होतं.

कापसाचा बोळा मोठा झाला. काळी पिसं आली, मान लांबली, पंख खोलीच्या दोन्ही भिंतींना टेकू लागले. मग तिला मोठ्या पिंजऱ्यात हलवलं. मोठा पिंजरा म्हणजे झाडांसकट उचलून आणल्यासारखं जाळीचं अंगण. तिथे दुसरी तरणी गिधाडं होती आणि त्यांना शिकवायला एक म्हातारा नर होता. कधीतरी विजेच्या तारेला धडकून त्याचा पंख कायमचा मोडला होता. तो एका खडकावर बसून सगळ्यांवर नजर ठेवायचा. कुणी मर्यादा सोडली की मान खाली घालून फिस्कारायचा. त्याला सगळे हेडमास्तर म्हणायचे.

माझं काम संपलं. मला धुतलं, तेल लावलं आणि मांस कापायच्या खोलीत खिळ्याला टांगलं. वाईट वाटलं का? थोडंसं वाटलं. पण खिळ्यावरून खिडकी दिसायची आणि खिडकीतून मोठा पिंजरा. लेक शाळेत गेल्यावर आई खिडकीत उभी राहते, तशी मी लटकून राहिले. सगळं छान चाललं होतं. वारं फिरलं आणि हवा तापायला लागली, की या तुकडीला रानात सोडायचं ठरलं होतं.

आणि मग तो वेल्डर आला.

पिंजऱ्याच्या दाराचं बिजागर तुटलं होतं, ते जोडायला त्याला बोलावलं होतं. भला माणूस. गुडघे टेकून कामाला बसला. त्याला पाहताच बाकीची सगळी गिधाडं लांबच्या फांद्यांवर जाऊन बसली. बसायलाच हवीत. वेल्डिंगचा टाका नीट बसला नाही. तो स्वतःशीच चुकचुकला, "च्च्."

ठमीने मान वर केली.

पुन्हा टाका निसटला. "च्च्, च्च्." आणि ठमी फांदीवरून खाली आली. पंख अर्धे पसरून, मान वेळावत, धावत धावत थेट त्याच्यासमोर जाळीला जाऊन भिडली आणि तिने चोच उघडली.

वेल्डरला भरून आलं. "अहो डॉक्टर, बघा बघा! काय माणसाळलंय हो हे! मला तर घरच्यासारखं आलं भेटायला!"

डॉक्टरीणबाई ऑफिसच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरलेला मी खिळ्यावरून पाहिला. केंद्रात 'माणसाळलं' या शब्दाइतका वाईट शब्द दुसरा नव्हता.

त्या दुपारी सगळ्यांची उलटतपासणी झाली. कुणी पिल्लाशी बोललं का? कुणी शीळ घातली का? कुणाच्या बांगड्या वाजल्या का? सगळ्यांनी माना हलवल्या. मावशींनी तर गळ्याला हात लावून सांगितलं, "शप्पथ हो डॉक्टर, एक अक्षर बोलले नाही. जीव गुदमरायचा माझा, पण बोलले नाही."

आणि ते खरंच होतं.

मग चहा आला. मांस कापायच्या खोलीतच सगळे उभ्याने चहा घ्यायचे. मावशी अजून हातवारे करून आपली बाजू मांडत होत्या. कप तिरका झाला, चहा ओट्यावर सांडला आणि मावशी फडकं घेता घेता म्हणाल्या, "च्च्."

सगळे कप हवेत थांबले. मावशींनी सगळ्यांकडे पाहिलं, हातातल्या फडक्याकडे पाहिलं आणि मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे मी तिथेही करत होते का?"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं मावशी नंतर म्हणायच्या. त्यांनी स्टूल ओढून मावशींसमोर बसकण मारली. "मावशी, तुम्ही नियम मोडला नाही. बोलायचं नाही एवढंच आपण सांगितलं होतं. याचा विचार माझ्याही डोक्यात आला नाही. पण आता ऐका. चुकचुकणारी माणसं सगळीकडे असतात. कुणाची गाडी बंद पडली, कुणाचा डबा सांडला, की ठमी खाली उतरणार. एखादा प्रेमाने धरून घरी नेईल, एखादा दगड घालेल. असं पिल्लू मला सोडता येणार नाही."

"मग?"

"मग ती इथेच. कायमची. हवा तापेपर्यंत तिची ही सवय सुटली तर बाकीच्यांबरोबर जाईल. नाहीतर नाही."

डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ठमी हे नाव निघालं होतं. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

सवय सोडवायचा उपाय एकच होता आणि तो मोठा कठोर होता. मावशींनी काळी बाही न घालता, तोंड न लपवता जाळीपाशी जायचं. "च्च्" करायचं. ठमी आली की थाळी बडवून, ओरडून, तिला घाबरवून पळवून लावायचं. आवाजाचा आणि खाऊचा जो संबंध तिच्या डोक्यात बसला होता, तो असा तोडायचा. दुसऱ्या कुणी केलं तर चालणार नव्हतं. ज्या "च्च्"ने सवय लागली, ती मोडायलाही तोच हवा होता.

पहिल्या दिवशी मावशी थाळी आणि पळी घेऊन गेल्या. चुकचुकल्या. ठमी धावत आली. तिने चोच उघडली. मावशींनी थाळी वर केली, आणि तशीच धरून उभ्या राहिल्या. मग खाली घातली आणि परत आल्या. खोलीत येऊन, माझ्या खिळ्याखाली उभं राहून, ओट्यावर डोकं टेकून त्या रडल्या. "नाही होत हो माझ्याच्याने. ती कशी बघते!" आत्या त्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे आल्या होत्या. त्यांनी सवयीप्रमाणे नवी पर्स उघडली आणि एक पेपरमिंट मावशींच्या हातावर ठेवलं.

"माझी भाची लहानपणी शाळेत जाताना माझा पदर सोडायची नाही," आत्या म्हणाल्या. "मी तिच्यावर खेकसले आणि दार लावून घेतलं. दारामागे उभी राहून तुझ्यासारखीच रडले. आता बघ, मला भेटायला तिला वेळ नसतो. चांगलंच झालं की नाही?"

मावशींनी गोळी तोंडात टाकली, नाक पुसलं आणि थाळी उचलली.

मित्रांनो, त्या दिवशी मी रेडिओ पुऱ्या आवाजात ऐकला. "चल! हो तिकडे! इथे काय ठेवलंय तुझं? जा म्हटलं ना!" थाळी खणखणत होती, मावशी नाचत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ठमी गडबडली, मागच्या मागे कोलमडली आणि धडपडत जाऊन हेडमास्तरांच्या खडकामागे लपली. मावशी परत आल्या आणि थाळी आदळून म्हणाल्या, "इतके महिने तोंड शिवून बसले. आणि उघडायला मिळालं ते असं."

रोज हेच चाललं. ठमी येतच राहिली, पण जरा लांब थांबून. मग आणखी लांब. पळाली की हेडमास्तरांकडे जायची. म्हातारा आधी फिस्कारायचा, नंतर नुसता सरकून जागा द्यायचा. त्याच्याजवळ बसून ती बघू लागली, की मेलेल्या जनावराचं कातडं कुठून फाडायचं, रांगेत कसं घुसायचं, टोच खाऊन माघार न घेता परत कसं यायचं. हे मी तिला कधीच शिकवू शकले नसते. लाकडी चोचीची ताकद ती किती?

हवा तापू लागली. परीक्षेचा दिवस ठरला.

थाळीला घाबरणं वेगळं, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं होतं. माणूस दिसला नाही, थाळी नसली, नुसता तो आवाज आणि तो खाऊ असला, तर ठमी येते का, ते पाहायचं होतं. म्हणून पिंजऱ्याच्या एका बाजूला फळ्यांची भिंत उभी करून तिला झडप केली. आणि मावशींनी मला खिळ्यावरून काढलं.

इतक्या दिवसांनी त्यांचा हात माझ्यात आला. तो घामाने ओला होता. माझ्या चोचीत मांसाचा ताजा तुकडा दिला. झडप हलली आणि मी आत गेले. सगळी गिधाडं पलीकडे एका जनावरावर तुटून पडली होती. पंखांची नुसती झटापट चालली होती.

"च्च्," माझ्या मागून आवाज आला.

गर्दीतून एक मान वर आली. पायात पिवळी कडी. ठमीने माझ्याकडे पाहिलं. मान एका बाजूला कलती केली, अगदी पहिल्या दिवशी केली होती तशी. मित्रांनो, त्या क्षणी मला दोन गोष्टी एकदम हव्या होत्या. ती यावी असं वाटत होतं आणि ती येऊ नये असंही वाटत होतं. मावशींच्या हाताला काय वाटत होतं ते मला आतून कळत होतं. तेच.

"च्च्, च्च्."

ठमीने एक उडी मारली. माझ्याच दिशेने. एवढ्यात तिच्या मागे कुणीतरी तिच्या जागेत घुसलं. ठमी गर्रकन वळली, मान खाली घालून हेडमास्तरांसारखी फिस्कारली, घुसणाऱ्याला टोच मारली आणि पुन्हा गर्दीत डोकं खुपसलं. तिची पाठ आमच्याकडे होती. मावशी पुन्हा चुकचुकल्या. त्यानंतर आणखी एकदा. त्या पाठीवरचं एक पीसही हललं नाही.

झडप बंद झाली. बाहेर डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, डोळे भरलेले आणि तोंडावर हसू.

"मावशी, नापास झालात तुम्ही."

"झाले ना?" मावशींनी मला छातीशी धरलं. "आम्ही दोघी नापास झालो ना? नक्की ना?" आणि त्या हसत हसत तिथेच जमिनीवर बसल्या.

सोडायच्या दिवशी मावशींनी मला गुपचूप आपल्या पर्समध्ये घालून नेलं. पर्सच्या पोटात पर्स! चोच तेवढी बाहेर काढून ठेवली, मला दिसावं म्हणून. टेकडीच्या माथ्यावरच्या पिंजऱ्याचं दार दोरीने उघडलं आणि आम्ही लांब, झुडपांच्या आड बसलो. पण दार उघडं असलं तरी गिधाडांना घाई थोडीच असते? सकाळभर ती दाराकडे नुसती बघत बसली. एक जण उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आला. मावशींचे ओठ सारखे हलत होते, पण आवाज नाही. मग ऊन तापलं, खालून गरम वारा उठला, आणि ठमी उंबऱ्यावर आली. पंख पसरले. धावली आणि वाऱ्यावर बसली. तिला पंख हलवावेही लागले नाहीत. एक घिरटी, दुसरी घिरटी, वर, आणखी वर. मला वाटलं होतं ती एकदा तरी खाली पाहील.

तिने पाहिलं नाही. तिचं ते न पाहणं आम्ही दोघींनी डोळे भरून पाहिलं.

आता मी या कपाटात सुखात असते. झालर विरली आहे, एक डोळा सैल झाला आहे. माझ्यामागून माझ्या धाकट्या बहिणी आल्या. त्या डॉक्टरीणबाईंच्या जुन्या जाकिटापासून केल्या, म्हणून जरा तोऱ्यात असतात. मावशी अजून भरवतात. पण भिंतीमागे जाताना तोंडात पेपरमिंट ठेवतात. जीभ गोळीत गुंतली, की चुकचुकत नाही. गोळ्या आत्याच पाठवतात.

जाता येता मावशी कपाटाची काच पुसतात आणि मला बातम्या सांगतात. कुठे गिधाडं दिसली, कुठे नवं घरटं झालं. मध्यंतरी कुणीतरी दुर्बिणीतून कड्यावर पिवळ्या कडीची एक मादी पाहिली. तिच्या घरट्यात पिल्लू होतं आणि ती त्याला भरवत होती. ती ठमीच असेल असं नाही, पिवळ्या कड्या त्यानंतर पुष्कळांना घातल्या आहेत, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मावशींनी मात्र ठरवून टाकलं आहे. मीही.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. रानातल्या जिवावर माया करा, भरपूर करा, पण त्याला आपल्या मागे यायला शिकवू नका. त्याचं झाड, त्याचा कडा, त्याचं खाणं शाबूत ठेवा. घरट्यातलं पिल्लू गोड दिसलं म्हणून घरी आणू नका. पिल्लू जखमी दिसलं, तर जाणत्या माणसाला बोलवा आणि बाजूला व्हा. आणि कधी मान वर केली आणि उंच आकाशात गिधाड दिसलं, तर त्याला हाक मारू नका. ते तुमच्याकडे बघणारही नाही, आपल्या वाटेने निघून जाईल. तेव्हा रुसू नका, टाळी वाजवा. माझ्या वाटणीचीही एक वाजवा. मला स्वतःचा हात नाही, तो मावशींचा होता, आणि त्या आता नव्या पिल्लाला भरवायला गेल्या आहेत.